सहा फुटांवरून गप्पा

निमगाव सावाची ती पोरगी मला शनिवारच्या जुन्नर गाडीत नेहमी भेटायची. पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात ती न्यूक्लिअर मेडिसिनचं काम शिकत होती. पेशंटला किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन द्यायचं आणि यंत्राखाली हाडामासातला आजार बघायचा. "लई नसतं औषध, भाऊ. एवढंसंच," असं म्हणत ती चिमूट दाखवायची.

माझ्या आईला घाटघरहून तपासणीसाठी तिथंच नेलं. इंजेक्शननंतर काही तास अंगातून किरणं निघतात, म्हणून तिला वेगळ्या खोलीत बसवलं आणि आज नातवंडांना जवळ घेऊ नका, असं बजावलं. आईला रडू फुटलं. दारात उभ्या असलेल्या त्या पोरीला तिनं विचारलं,

"मला वाळीत टाकलं का गं?"

"न्हाई ओ आजी. आजचाच दिस."

मी बाहेरच थांबलो होतो. मला आत जायची भीती वाटत होती.

जेवणाची सुट्टी झाली तशी बाकीचे शिकाऊ कँटीनला गेले. तिनं मात्र दारात स्टूल ओढलं, आईपासून सहा फुटांवर बसली आणि डबा उघडला.

"आजी, औंदा नाचणी कशी झाली?"

आईनं डोळे पुसले. मग बोलतच राहिली, भात, नाचणी, म्हशीचं दूध. पोरगी हातातला घास तसाच धरून ऐकत होती.

शेवटी आईच तिला रागावली, "पोरी, भाकर वाळतीय तुजी. आदी खा बरं."