मंजुळाची निवड

नाशिकहून सुरगाण्याला जाणारी एसटी दिंडोरी ओलांडते तेव्हा दोन्ही बाजूंना द्राक्षबागा असतात. वणी सोडली की त्या विरळ होतात आणि पुढे डोंगर लागला की संपतात. फेब्रुवारीत मी या रस्त्याने हिरामणच्या गावी निघालो. हिरामण दर वर्षी माझ्या दिंडोरीजवळच्या तीन एकर बागेत छाटणीला येतो. त्याच्या अकरा वर्षांच्या मुलीला, मंजुळाला, सिकलसेल आहे. या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि हाडे दुखू लागतात. गेल्या हंगामात ती बागेतल्या शेडमध्ये गुडघे पोटाशी घेऊन पडून होती. ओरडत नव्हती, त्यामुळे आम्हाला उशिरा कळले.

नाशिकच्या एका रुग्णालयात अशा मुलांसाठी नव्या औषधाचा अभ्यास सुरू झाला होता. निम्म्या मुलांना औषध, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि देखरेख मात्र सगळ्यांवर सारखी, दोन वर्षे. म्हणजे औषध मिळण्याची शक्यता निम्मीच. मी हे हिरामणला फोनवर जसेच्या तसे सांगितले. आधी तपासणी होईल, मग निवड, असेही सांगितले. तो म्हणाला, "तुम्ही या भाऊ. तुम्ही संगं असले म्हंजे बरं."

सुरगाण्यात उतरून जीप धरली. नऊ जणांच्या जीपमध्ये सतरा माणसे होती. माझा एक पाय कुणाच्या तरी तांदळाच्या पोत्यावर होता.

"सरका पाहुणे," चालक म्हणाला, "अजून दोघं यायचे हायेत."

"कुठे बसवणार त्यांना?"

"तुम्ही श्वास सोडा, जागा होती."

शेजारच्या म्हातारीने मी कुणाकडे चाललो ते विचारले. मी सांगितले. "हिरामणची पोर ती? दुखण्याची?" ती म्हणाली. "माझा नातूबी तसाच होता."

गावातली निम्मी घरे बंद होती. माणसे खाली द्राक्षांच्या कामाला गेलेली. उतारावर राब (भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा घालून जाळायची जमीन) धुमसत होते आणि त्या धुरात टेकड्या पुसट झाल्या होत्या. कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत.

मंजुळा वरून पळत आली. शेडमधून ट्रॅक्टरपर्यंत जिला उचलून न्यावे लागले होते, ती हीच मुलगी.

"काका, पिशवी द्या." तिने पिशवी घेतली आणि माझ्या पुढे चढ चढून गेली. मला मध्ये दोनदा थांबावे लागले.

"हिची तब्येत चांगली दिसते," मी हिरामणला म्हणालो.

तो खुशीत हसला. "आता कशी निवड करत नाय ते बघतो मी."

जेवायला नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा होता. वाढताना हिरामणची बायको यशोदा म्हणाली, "डॉक्टरला सांगा भाऊ, पोर काम करते. पाणी आणते, भांडी घासते. नुसती पडून नसते." मी बरे म्हणालो. ती असे का सांगते आहे, हा विचार मला तेव्हा शिवला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे नाशिकला आलो. तपासणीच्या डॉक्टर तरुण होत्या, सावकाश बोलत होत्या. हिरामणला सगळे समजावल्यावर त्या मंजुळाकडे वळल्या. "तुला यायचंय का यात? नाही म्हणालीस तरी तुझे नेहमीचे उपचार चालूच राहतील." मंजुळाने बापाकडे पाहिले. "त्यांच्याकडे नको बघू, तुला विचारतेय."

"यायचंय," मंजुळा म्हणाली. "दुखलं नाय तं शाळंत जाता येतं."

मग डॉक्टरांनी विचारले, "इतक्यात रक्त चढवलं होतं का हिला?"

"हो मॅडम," हिरामण खुर्चीत पुढे सरकला. "दोन बाटल्या. मागच्या आठवड्यात. दम लागतो, चक्कर येते, असं जरा वाढवून सांगितलं तिथल्या डॉक्टरला. मुद्दाम."

"मुद्दाम का?"

"निवड हाय ना. मजुरांच्या नाक्यावर मुकादम घेतो तो धट्टाकट्टा गडीच घेतो. मरतुकड्याला कोण घेणार?"

डॉक्टरांनी हातातले पेन खाली ठेवले. मग म्हणाल्या, "हिच्या अंगात आता दुसऱ्याचं रक्त आहे. तिचा आजार किती आहे आणि औषधानं काय फरक पडतो, ते मोजता येणार नाही. रक्त चढवल्यावर तीन महिने थांबावं लागतं. आणि आमची नोंदणी पुढच्या महिन्यात बंद होतेय."

हिरामणने मुलीकडे पाहिले, मग स्वतःच्या हातांकडे.

"मंग ते काढून घ्या ना, मॅडम," तो म्हणाला.

डॉक्टर वरिष्ठांना विचारून आल्या. उत्तर बदलले नाही. नेहमीच्या गोळ्या कुठे मिळतील, कधी दाखवायचे, हे त्यांनी नीट सांगितले. हिरामण ऐकत होता असे मला वाटत नाही.

परतीच्या एसटीत मीही बसलो. त्या दोघांनाच पाठवावेसे वाटेना. मंजुळा खिडकीशी बसली होती, गाल लाल, डोळे चकचकीत. इतकी बरी मी तिला कधी पाहिली नव्हती. दिंडोरी गेल्यावर हिरामण बोलला.

"भाऊ, म्हंजे आता तिला रक्त नाय द्यायचं."

"द्यायचं, हिरामण. डॉक्टरांनी सांगितलं तर द्यायचंच."

"पण पुढं परत निवड निघाली तं?"

"निघू दे. तिला दम लागला, अंग पांढरं पडलं, तर लगेच दवाखान्यात न्यायचं. अभ्यासबिभ्यास डोक्यात आणायचा नाही. कळलं का?"

"कळलं."

"काय कळलं, सांग बरं."

"दवाखान्यात न्यायचं," तो म्हणाला आणि बाहेर पाहू लागला. मी तेच वणीपर्यंत तीन वेळा सांगितले. तिन्ही वेळा त्याने मान हलवली. बागेत नवी कात्री वापर म्हटले तरी तो अशीच मान हलवतो आणि जुनीनेच छाटतो.

वणीला उतरून मी उलटी गाडी धरली. त्या अभ्यासाचा अहवाल निघेल तेव्हा वगळलेल्या मुलांच्या आकड्यात मंजुळा धरलेली असेल, आणि तो आकडा बरोबरच असेल. डॉक्टरांचा नियमही बरोबर होता. घरी आल्यावर बायकोने विचारले, काम झाले का. मी नाही म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून मी हिरामणला फोन लावतो आहे. डोंगरात बहुतेक वेळा लागत नाही. लागला की मंजुळा कशी आहे एवढेच विचारतो, आणि तो "बरी हाय" म्हणाला की ती कितपत बरी असेल याचा हिशेब मला मांडता येत नाही.