गजी ढोलाचा फोटो

नव्वदच्या दशकात मी बारामतीतून एका दैनिकासाठी फोटो काढत असे. अंथुर्ण्याच्या जत्रेत गजी ढोलाची स्पर्धा होती. संपादकांना वादकांचा वाजवतानाचाच फोटो हवा होता. पण मी कॅमेरा उचलला की ढोल थांबत आणि मंडळी टोप्या सारख्या करून ताठ उभी राहत.

"आबा, वाजवत राहा," मी म्होरक्याला म्हणालो.

"वाजवताना त्वांड वाकडं हुतंय. लेकीच्या सासरी तुमचा पेपर येतो. तितं हसू करून घेऊ व्हय?"

अखेर तोड त्यांनीच काढली. सगळ्यांनी काठ्या उगारल्या, चेहरे गंभीर केले आणि श्वास रोखला. प्रेक्षकही गप्प झाले. त्या शांततेत मी फोटो काढला.

तो पहिल्या पानावर आला. खाली ओळ होती: 'ढोलांच्या गजराने अंथुर्णे दुमदुमले.'