सोड!

आज सोमवार. कॅल्गरीतल्या ऑफिसात खुर्चीतून उठताना मी दोन्ही हातांनी टेबल धरते आहे. एरवी जिन्याने जाणारी मी, आज एका मजल्यासाठी लिफ्टमध्ये शिरले... आणि आत आमच्या टीमचे आणखी दोघं कण्हत उभे होते.

शनिवार-रविवार आमच्या ऑफिसची सॉफ्टबॉल टीम दोन तासांवरच्या एका छोट्या गावात स्पर्धेला गेली होती. दोन दिवसांत पाच मॅचेस. सकाळी आठला जॅकेट घालूनही कुडकुडायचं, दुपारी नाक भाजून घ्यायचं, आणि वारा असा की संध्याकाळी मोटेलच्या बाथटबमध्ये निम्मं मैदान उतरलं.

आता मी त्या टीममध्ये काय करत होते? तर नियम असा की मैदानावर निदान चार बायका लागतात, आणि आमच्याकडे होत्या तीन. मे महिन्यात आमचा कॅप्टन डग माझ्या डेस्कपाशी आला आणि म्हणाला, "जस्ट स्टँड देअर. यू विल बी फाइन."

नुसती उभी राहा... लहानपणी पुण्याला आमच्या कॉलनीत मुलं क्रिकेट खेळायची, त्यात मी कायम कच्चा लिंबू. म्हणजे खेळायचं, पण आउट झालीस तरी आउट नाहीस आणि रन काढलेस तरी मोजायचे नाहीत. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, सातासमुद्रापार येऊन, मी पुन्हा तीच झाले होते. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. एकदा तरी माझ्यामुळे काहीतरी व्हावं असं फार वाटत होतं.

शनिवारी दुसऱ्या मॅचमध्ये संधी आली. एका रनने मागे होतो, दोन आउट, तिसऱ्या बेसवर आमचा माणूस. मी चेंडू बऱ्यापैकी मारला आणि पहिल्या बेसकडे सुसाट पळाले... बॅट घेऊन. बेस जवळ आल्यावर वाकून बॅट लांब केली आणि झोकात टेकवली.

सॉफ्टबॉलमध्ये बॅट टेकवून काही होत नाही. तिथे पाय लागतो, आणि माझा पाय अजून दोन हात मागे होता. अंपायरने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बॅटकडे, मग आउट दिलं. आम्ही हरलो.

कुणी रागावलं नाही. "नो वरीज," म्हणत सगळे पाणी प्यायला गेले. मला त्याचंच जास्त लागलं. कच्च्या लिंबूवर कोण रागावणार...

तिसऱ्या मॅचला माझा नवरा मंदार फोल्डिंगच्या खुर्चीतून उठूनच उभा राहिला. मी चेंडू मारला रे मारला की हा ओरडतोय, "अगं सोड ती बॅट! सोड!" सोडली. पण तो कॅच गेला, ते वेगळं.

संध्याकाळी मोटेलच्या पार्किंगमध्ये मी नेलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा फिरला. डगने मंदारला विचारलं, "व्हॉट्स दॅट थिंग यू वेअर येलिंग?" मंदारने सांगितलं, सोड म्हणजे ड्रॉप इट. झालं... मग पुरी हातात घेतलेल्या प्रत्येकाला "सोड" ऐकायला लागलं.

रविवारी सकाळचीही मॅच गेली. राहिली शेवटची. या स्पर्धेत तीन वर्षांत आमची टीम एकदाही जिंकलेली नव्हती, आणि ही मॅच शेवटच्या इनिंगमध्ये बरोबरीत आली. दोन आउट, तिन्ही बेसवर आमची माणसं, आणि बॅटिंगला... मी.  

इथे चेंडू उंच उडवून टाकतात. तो बॅटिंग करणाऱ्याच्या पायाजवळच्या मॅटवर पडला तर स्ट्राइक, बाहेर पडला तर बॉल. तीन स्ट्राइक झाले की आउट, चार बॉल झाले की आयतं पहिल्या बेसवर. माझे झाले होते दोन स्ट्राइक, तीन बॉल. पुढचा काहीही झालं तरी मारायचाच, असं मी ठरवलं.

चेंडू हवेत गेला आणि मागून अख्खा बेंच ओरडला, "सोड! सोड!"

त्यांना म्हणायचं होतं, बाई, या वेळी तरी मारल्यावर बॅट टाकून पळ. पण माझे कान पडले क्रिकेटचे. चेंडू येत असताना कुणी "सोड" म्हणालं तर त्याचा अर्थ एकच... मारू नकोस, जाऊ दे. माझे हात जागच्या जागी थांबले.

चेंडू मॅटच्या चार बोटं बाहेर पडला. अंपायरने पहिल्या बेसकडे हात केला. सगळे एकेक बेस पुढे सरकले, तिसऱ्यावरचा घरी, म्हणजे मी उभी होते तिथे आला, एक रन झाला, आणि आम्ही जिंकलो.

डगने मला जवळजवळ उचललंच. "व्हॉट अ‍ॅन आय! यू न्यू इट वॉज आउटसाइड!" मी मान डोलावली. दूर खुर्चीत मंदार पोट धरून हसत होता.

परतताना गाडीत त्याने विचारलं, "ते ओरडले म्हणून सोडलास ना?"

"हो. डगला सांगू नकोस."

"मी कशाला सांगू."

 कॉलनीत मी बॅटिंगला आले की कुणीच ओरडायचं नाही, मुलं तेवढ्यात बुटाच्या नाड्या बांधून घ्यायची. काल बारा माणसं घसा बसेपर्यंत ओरडली, माझ्यासाठी, आणि तेही मराठीत. अर्थ चुकला असेल त्यांचा... पण मी आउट झाले तर चालणार नव्हतं त्यांना.