एकसारखी झबली

आमच्याकडे नव्या बाळाला आधी कुणाचं तरी वापरलेलं झबलं घालतात. आई मुलुंडच्या प्रसूतिगृहात माझी दोन एकसारखी झबली घेऊन गेली होती. शेजारच्या खाटेवरच्या बाईकडे जुनं काही नव्हतं, म्हणून एक आईनं तिला दिलं. आंघोळीनंतर दोन्ही बाळांची अदलाबदल झाली. सहा महिन्यांनी ती बाई सहज भेटायला आली आणि जन्मताच आपल्या बाळाच्या पाठीवर पाहिलेला, नंतर पुसट झाला असेल असं वाटलेला लाल डाग तिला आमच्या बाळाच्या पाठीवर दिसला.

“तुझं पोर तुला मिळतंय, मग रडतेस काय गं?” शेजारणी म्हणाल्या. “मिळतंय कसलं डोंबलाचं!” आई म्हणाली. “सहा महिने अंगावर पाजलेला हा कोण मग?”

त्याला न्यायला आले, तेव्हा आई त्याला तेच झबलं चढवत होती. ते अंगात जाईना. ती ओढत राहिली. तो खिदळत होता. त्याला वाटलं, आई खेळतेय.