अलीमियांचा गज

अलीमियां मुकादम आमच्या पनवेलचे शिंपी. माप अचूक, वायदा मात्र खोटा. माझ्या लग्नाचा कोट त्यांनी मुलाच्या बारशाला दिला. दुकानाशेजारी मिल्काबाई किहीमकर, शनवार तेल्यांतली, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांतली म्हातारी. मुलं सगळी इस्रायलला. तिच्या धर्मात शनिवारी विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, दुसऱ्याला ‘लाव’ असंही म्हणायचं नाही. म्हणून ती मांजरीला सांगे, “मने, काय गं उकडतंय!” की अलीमियां शिवण टाकून तिच्या घरात जात नि पंखा लावून येत. वर्षानुवर्षं हेच. लोक त्यावरून काय काय बोलत, नि मी मन लावून ऐकत असे.

२००९च्या मे महिन्यात इरफानने एक सीडी आणली. इरफान म्हणजे पुतण्या. अलीमियांना मूलबाळ नाही, त्यालाच त्यांनी लहानाचा मोठा केला. आता न्हावा शेव्याला कामाला. सीडीत कुणी वक्ता घसा फोडत होता: प्रत्येक फसादामागे यहुदी, ही कौम इस्लामची कायमची दुश्मन, तिच्याशी दोस्ती म्हणजे गद्दारी.

इरफान म्हणाला, “चाचा, त्या घरात पाऊल टाकलंत तर मी हे घर सोडीन. कसम खा.”

म्हातारा पोरासाठी हळवा. खाल्ली कसम.

शनिवारी भिंतीपलीकडून आवाज आला, “मने, ऐकलंस ना? सगळी दुनिया म्हणे आपल्या बोटावर नाचते. पंखा तेवढा नाचत नाही गं!”

अलीमियांनी कापड मोजायचा लाकडी गज उचलला, तिच्या उंबऱ्याबाहेर उभं राहून टोकाने बटण दाबलं.

“चाचा!”

“पाऊल टाकलं का रे? गज टाकला.”

पुढच्या शनिवारी गज गायब. इरफानचीच करणी. पलीकडे मनीकडे गाऱ्हाणं सुरू झालं. अलीमियांनी सुई कापडात खोचली. मग चपला काढून सरळ आत गेले, पंखा लावून बाहेर आले.

“तुझा तो वक्ता तिला ओळखतो का रे? तू तापाने फणफणला होतास, तेव्हा तिच्या एलियाहू पैगंबराला मलिद्याच्या प्रसादाचा नवस बोलली ती. कसम मोडली, अल्लाकडे माफी मी मागेन. तुला जायचं तर जा.”

इरफान बॅग घेऊन निघाला. म्हातारा मशीनवर बसला खरा, पण समोर काय शिवतोय ते त्याला दिसत नव्हतं.

संध्याकाळी इरफान एसटी स्टँडवरून परत आला. दाबून जेवला, कपाटामागचा गज काढून मशीनवर ठेवला नि झोपला.

त्या दुपारी मशीनवर माझा सदरा होता. त्याची एक बाही अजून उलटी आहे.