साऊकाकांची जरतारी

आमच्या कालव्याकाठी कुणाला साप चावला, की आधी साऊकाकांना बोलावणं जायचं आणि मग दवाखान्यात निरोप. साऊ म्हणजे सहा. आमच्याकडे माणसाला भावंडांतल्या नंबरानंच हाक मारतात. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा त्यांच्या अर्जावर लिहिलं. तो अर्ज मी भरला. पुढचं सगळं त्या अर्जामुळे झालं, तेव्हा मला स्वतःची लाज वाटते हे आधीच सांगून टाकते.

लोक साप आणायचे ते पोत्यात, बादलीत, नाहीतर काठीवर लोंबकळत. काका चहाचा ग्लास खाली ठेवून आधी डोकं बघायचे. हिरवा आहे पण शेपटी तांबडी, म्हणजे विषारी, माणसाला होडीत घाला. हा भातातला, उंदीर खातो, उगाच मारलात. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टरही लस टोचायच्या आधी त्यांना फोन लावायचे. इतक्या वर्षांत त्यांचा शब्द एकदाही चुकला नाही, आणि ते त्यांना पुरतं ठाऊक होतं. थोडा ताठा होता म्हातार्‍याला.

बायको गेली त्या वर्षी त्यांनी बाजारातून अंगठ्याएवढं जाड अजगराचं पिल्लू आणलं. आमच्या गावात अजगर घरोघर पाळतात, पण ते कातड्यासाठी. काकांनी हिचं नाव ठेवलं लुआ, म्हणजे रेशीम. चौदा वर्षांत ती पाच मीटरची झाली. दुपारी ते झोळीत पडले, की ती खाली गारव्याला पसरायची. मी चेष्टेनं म्हणायचे, काका, ही एक दिवस तुम्हाला गिळणार. ते म्हणायचे, "गिळू दे गं न्हान, तेवढंच कुणीतरी मला जवळ घेईल." न्हान म्हणजे मी.

अजगर दोन जातींचे. मातकट अजगराच्या डोक्यावर बाणासारखी खूण असते. जरतारीचं डोकं मोकळं, मधून फक्त एक बारीक काळी रेघ, आणि अंगभर जरीकाम. लुआ जरतारी होती, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. पण पाळलेल्या अजगरांची नोंद करायचा हुकूम आला, तेव्हा मी गावच्या कार्यालयात कारकून होते. भिंतीवर नमुन्याचा अर्ज लावला होता, त्यात जात लिहिली होती मातकट. गावात नव्वद टक्के तेच. मी एका दुपारी एकोणीस अर्ज नमुना बघून उतरवून काढले. काकांना सहीपुरतंच अक्षर यायचं. त्यांनी विचारलं, बरोबर लिहिलंयस ना? मी मान वर न करता हो म्हटलं, आणि त्यांनी सही केली.

तीन वर्षांनी शेजारच्या हाय नावाच्या माणसानं तीन जरतारी अजगर मातकट म्हणून विकायला काढले. जंगलातून पकडलेले होते. वनरक्षकांनी ओळख पटवायला काकांनाच नेलं, काकांनी खरं ते सांगितलं आणि हायचे अजगर जप्त झाले. त्यानं मग काकांचा नोंदीचा कागद कुठंतरी पाहिला आणि त्यातली जात खोटी आहे अशी तक्रार ठोकली.

वनरक्षक आले तेव्हा अर्धं गाव कुंपणाशी उभं होतं. त्यांचा साहेब तरुण होता, काकांना मानणारा. त्यानं कागद वाचला आणि लुआच्या डोक्याकडे बघितलं. नोंद नसलेला जरतारी म्हणजे जंगलातून चोरलेला, तो जंगलात परत सोडायचा, असा कायदा. शेवटी तो हळूच म्हणाला, "काका, इथं ओळखणारे तुम्हीच. तुम्ही मातकट म्हणा, मी तसं लिहितो आणि जातो."

कुंपणापलीकडून हाय म्हणाला, "बोला की. तुमच्या घरात आलं की जरीची पण मातीच होते का?"

मी तिथंच होते. चूक माझी आहे, एवढंच म्हणायचं होतं. पण नोकरी जाईल म्हणून मी गर्दीत मागं सरकले. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते लुआकडे बघत होते. आज खोटं बोललो, तर उद्या साप चावलेलं पोर समोर आणल्यावर माझ्यावर विश्वास कोण ठेवील, असं ते मला नंतर म्हणाले. तेव्हा मात्र ते एवढंच बोलले, "जरतारी आहे. मादी."

पोत्यात ती स्वतःच शिरली, कारण पोतं काकांनी धरलं होतं. साहेबाला ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले, की हिला शिकार येत नाही, माणूस दिसला की ही पुढे येते, हिला सोडू नका, पिंजर्‍यात ठेवा कुठंतरी. साहेब म्हणाला, वर विचारतो. आठवड्यानं तिला त्रामच्या जंगलात सोडल्याचं पत्र आलं. ते मीच वाचून दाखवलं.

चाळीस दिवसांनी त्याच जंगलाकडच्या वस्तीवरून बोलावणं आलं. सकाळी एका बाईनं स्वयंपाकघरात अजगर मारला होता, तो कसला ते सांगायला या. मी होडी हाकली. दोघांनाही काय ते कळलं होतं.

कातडं दारात वाळत घातलं होतं. डोकं तेवढं ओळखीसाठी केळीच्या पानावर ठेवलं होतं. बाई भली होती. म्हणाली, "पळाला नाही हो. मी ओरडले तरी सरळ माझ्याकडंच येत राहिला. घरात तान्हं मूल आहे, काय करणार?"

काका पानापाशी उकिडवे बसले. पोटात काही होतं का, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाली, काही नव्हतं, अगदी रिकामं.

"जरतारी," ते म्हणाले. "मादी."

"विषारी?"

"नाही."

ही लुआ आहे, माझी आहे, असलं काही ते बोलले नाहीत. मला रडू आलं तसं त्यांनी डोळ्यांनी दटावलं. त्या बाईला आयुष्यभराची टोचणी कशाला, असं त्यांच्या मनात असावं.

आम्ही निघालो तशी बाई चुलीकडून धावत आली. मारलेला अजगर ओळखून दिला, की त्याच्या वितळवलेल्या चरबीची एक बाटली ओळखणार्‍याला द्यायची आमच्याकडे रीत आहे, भाजल्याकापल्यावर लावायला. नाही म्हणणं म्हणजे घराचा अपमान. साऊकाकांनी दोन्ही हात पुढे करून ती घेतली आणि घरी पोचेपर्यंत मांडीवर धरून बसले. बाटली अजून गरम होती.