बायकोच्या नावाने अमेरिका

मी अमेरिकेला कधीच गेलेलो नाही, आणि त्यामुळे अमेरिकेबद्दलची माझी मतं कधी अडली नाहीत. मुलगी तिथे जाऊन इतकी वर्षं झाली, दर वर्षी बोलवायची, आणि दर वर्षी मी म्हणायचो, "त्यांनी आधी आपलं घर नीट लावावं, मग मी येईन." बायको म्हणायची, "अहो, ते काय तुमची वाट बघत बसलेत का?" पण ती एकटी जायला तयार नव्हती आणि मी हट्ट सोडायला तयार नव्हतो. तेव्हाच गुपचूप व्हिसा काढून ठेवला असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती. पण तेव्हा मी शहाणा होतो ना!

आम्ही साताऱ्याकडचे. मी लखनौच्या एका संशोधन संस्थेत औषधी वनस्पतींवर काम करायला आलो आणि महानगर नावाच्या वस्तीत घर करून इथलाच झालो. निवृत्तीनंतर हाताला काम नाही आणि तोंडाला आवर नाही, अशी अवस्था. त्याच सुमारास मुलीने जाताना आईला एक टॅब दिला होता आणि त्यावर आईच्या नावाने फेसबुकचं खातं उघडून दिलं होतं, फोटो बघायला. बायकोचा फोटोसुद्धा तिनेच लावला, इमामबाड्याच्या पायऱ्यांवर उभी, डोळ्यांवर ऊन आलेलं. बायकोने त्या टॅबवर पंधरा दिवस नातेवाइकांची लग्नं बघितली आणि मग तो फ्रीजवर ठेवून दिला. तिथून तो मी उचलला. वेगळं खातं काढायचा कंटाळा. घरात पेपर एकच येतो, तसं खातंही एकच पुरे, असा माझा हिशेब.

तर रोज सकाळी चहा झाला की मी बायकोच्या नावाने अमेरिकेवर तोंडसुख घ्यायचो. लखनौतली मराठी माणसं मोजकीच, कोणी आमच्यासारखे संस्थांमधले, कोणी लष्करातले, बदली होऊन आलेले. मराठी मंडळाचा फेसबुकवर एक ग्रुप आहे, तिथे हे सगळं जायचं. मी लिहिलं होतं की आपल्याकडे सरकार चालू असतं आणि कामं बंद असतात. ते लोक प्रामाणिक, ते सरकारच बंद असल्याचं जाहीर करतात. ज्या वयात माझ्या मुलीने माझी स्कूटर काढून घेतली, त्याच्या पुढच्या वयाची माणसं तिथे देश चालवायला मिळावा म्हणून हमरीतुमरीवर येतात. जास्त मतं मिळूनही माणूस हरू शकतो. आमच्या मंडळाच्या निवडणुकीत असं झालं असतं तर सभासदांनी चिटणिसाची गचांडी धरली असती. एकदा मात्र चिडून लिहिलं. पहिलीतल्या मुलांना म्हणे तिथे बाकाखाली लपून श्वास रोखायची कवायत शिकवतात. बंदुका राहू देतात आणि पोरांना श्वास रोखायला लावतात, अरे काय माणसं आहात की कोण, असं लिहिलं. त्यावर मंडळातल्या कर्नलसाहेबांनी नुसतं एक सॅल्यूटचं चित्र टाकलं होतं.

ग्रुपवर सगळ्यांना ठाऊक होतं की लिहिणारा मी. तरी गणपतीत लोक बायकोला गाठायचे. "वहिनी, काय झाडलंत हो त्यांना परवा!" ती हसायची आणि त्यांच्या पानात आणखी एक मोदक वाढायची. तिने स्वतः त्यातली एक ओळही वाचलेली नव्हती.

मग एका रविवारी मुलीचा फोन आला आणि बायको फोन हातात धरून रडायलाच लागली. मला वाटलं झालं काहीतरी. पण बातमी चांगली होती. मुलीला दिवस गेले होते.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कोणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. बायकोने त्याच संध्याकाळी मागची खोली झाडायला घेतली. पण मुलीला येता येईना. तिचा कामाचा व्हिसा पासपोर्टवर नव्याने लावून घ्यायचा होता, इथे आली की तो मिळायला किती महिने लागतील ते कोणी छातीठोक सांगेना, आणि तोवर नोकरी कोण धरून ठेवणार? त्यात तिथे जन्मलेल्या कुणाच्या बाळाला नागरिक म्हणायचं आणि कुणाच्या नाही, यावर कोर्टात भांडण. बाळ अजून पोटात आणि त्याची केस उभी! जावयाला आई नाही, ती मागेच गेली. म्हणजे उरली एकच व्यक्ती, माझी बायको. "मला जायलाच हवं," ती म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं असेल तर हेच. "मला तिच्याजवळ असायला हवं. बाकी काही नको."

तयारी तर बघण्यासारखी. जुन्या सुती साड्या फाडून दुपटी झाली, डिंक आला, अळीव आले. एक दिवस चौक बाजारात जाऊन चिकनकारीच्या भरतकामाची झबली घ्यायची म्हणून आम्ही रिक्षा केली. मुलगी अमेरिकेत आहे कळल्यावर दुकानदार मलाच विचारायला लागला, "साहब, बिटिया से ज़रा पूछिए, ये टैरिफ कब हटेगा?" त्याच्या कोपऱ्यात पांढऱ्या कुर्त्यांचे गठ्ठे बांधून पडले होते, तिकडच्यांनी मागवलेले आणि आता तिकडे कोणाला नको असलेले. मी त्याला वीस मिनिटं अमेरिकन अर्थनीती समजावून सांगितली. तो मान डोलवत होता. बायकोने तोवर चार झबली निवडून बाजूला ठेवली होती. "झालं का तुमचं?" तिने विचारलं. दुकानदार म्हणाला, "भाभीजी, साहब को वहाँ भेज दीजिए, दो दिन में सब ठीक कर देंगे." मला ते फार आवडलं.

व्हिसाचा फॉर्म मी भरला, दोघांचाही. त्यात एक प्रश्न होता, सोशल मीडियावर तुमची खाती कुठली? मी आयुष्यभर प्रयोगशाळेच्या वहीत खरं तेच लिहिलं. आताही खरंच लिहिलं. बायकोच्या रकान्यात तिचं खातं आणि माझ्या रकान्यात काही नाही. कारण माझं खातं नव्हतंच की! सही करून झाल्यावरही माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

फॉर्मची प्रत पाठवली तेव्हा तो मुलीच्या डोक्यात पडला. तिचा फोन आला तो रागातच. मी मराठीत बोलतो आणि ती हिंदीत उत्तर देते, हे लहानपणापासूनचं. "बाबा, आप समझ नहीं रहे हो. वो लोग सब पढ़ते हैं. डिलीट करो, आज ही."

"मराठीत आहे गं. कोणाला कळतंय?"

"एक बटन दबाओ तो सब अंग्रेज़ी में आ जाता है, बाबा!"

मग मी जे करायला नको होतं तेच केलं. भाषण दिलं. तुमच्या त्या देशाच्या घटनेत पहिल्याच दुरुस्तीत बोलायचं स्वातंत्र्य दिलंय, आणि मी काय शिवी दिली आहे कोणाला? पुसून टाकलं तर ती भित्रेपणाची कबुली होईल, वगैरे वगैरे. शेजारचे प्रोफेसरसाहेब चहाला आले होते, तेही म्हणाले, "भाईसाहब, मिटा दीजिए, उसूल बाद में निभा लीजिएगा." मी ऐकलं नाही. बायको दारात उभी राहून ऐकत होती. "माझ्याच नावाने आहे ना ते सगळं?" एवढंच तिने विचारलं. मी म्हटलं, "अगं, नुसतं नावाला." ती आत गेली.

दिल्लीला अमेरिकन वकिलातीत आम्ही दोघं एकाच खिडकीसमोर उभे राहिलो. काचेपलीकडे एक गोरी मुलगी, आमच्या मुलीच्याच वयाची, सांभाळून सांभाळून हिंदी बोलणारी. मला विचारलं, काय काम करत होतात, कशाला जाता. मी सांगितलं. तिने माझा पासपोर्ट एका बाजूला ठेवला. मग तिने बायकोकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं, बराच वेळ खाली खाली वाचत गेली.

"आप अमरीका के बारे में लिखती हैं?"

हीच वेळ होती. मी फक्त म्हणायचं होतं की मॅडम, ते मी लिहितो, हिला त्यातलं ओ की ठो ठाऊक नाही. रोज सकाळी अख्ख्या अमेरिकेला फैलावर घेणारा माणूस मी! पण मनात आलं, आता बोललो तर फॉर्म खोटा ठरेल, दोघांचंही जाईल, उगाच काहीतरी व्हायचं. मी काचेवरच्या एका ओरखड्याकडे बघत राहिलो. बायकोने एकदा माझ्याकडे बघितलं, ते मला डोळ्यांच्या कडेने दिसलं. मग ती म्हणाली, "जी. लिखती हूँ."

माझा पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणजे मला व्हिसा मंजूर. तिचा परत दिला, एका कागदासकट. आणखी तपासणी व्हायची आहे, कळवू. केव्हा, ते लिहिलेलं नव्हतं. का, तेही नव्हतं. खरं सांगायचं तर त्या लिखाणामुळेच झालं असं कोणी आम्हाला आजवर सांगितलेलं नाही. कदाचित दुसरंच काही असेल. मला मात्र दुसरं काही सापडत नाही.

परत आल्यावर मी सगळं पुसलं. एकेक करून, दोन दिवस बसून. त्या बाकाखालच्या मुलांचंही पुसलं. आता त्याचा काय डोंबलाचा उपयोग! रोज सकाळी चहानंतर मी त्याच टॅबवर तिच्या अर्जाचा नंबर टाकतो आणि रोज तीच एक ओळ येते, काम चालू आहे. मेल लिहिले, ठरावीक उत्तर आलं. मुलगी म्हणते, हे आत्ता सगळ्यांचंच होतंय, बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ती समजूत घालते तेव्हा तर मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं होतं. प्रोफेसरसाहेब चहाला बोलावतात आणि नुसतं साखर कमी की जास्त एवढं विचारतात. हातावर हात ठेवून बसणं म्हणजे काय ते मला या वयात कळलं. अमेरिकेत काहीही होवो, इतकी वर्षं त्याने माझं काही बिघडत नव्हतं, म्हणून तर इतका जोर होता.

दिवस भरत आले. माझ्या पासपोर्टवर व्हिसा लागून आला होता, आणि शेवटी बायकोनेच तोंड उघडलं. "तुम्ही जा."

"मी? मी जाऊन काय करू? मला साधी कणीक मळता येत नाही!"

"मग शिका," ती म्हणाली.

म्हणून गेला आठवडाभर मी शिकतोय. अळिवाची खीर जमली, लाडू वळता येत नाहीत ते ती बांधून देणार आहे. राहिली बाळाची अंघोळ. काल सकाळी मागच्या अंगणात तिने मला भिंतीला पाठ टेकवून पाय लांब करून बसवलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला लावली. ठेल्यावरून लौकी घेतली होती, चांगली हातभर लांब, वरती मान असलेला दुधी. तो माझ्या पायांवर ठेवला, वाटीत कोमट तेल दिलं. मी तेल चोळलं तर दुधी सुळकन निसटून माझ्या गुडघ्यावरून अंगणात. "मान धरा, अहो, मान!" दुसऱ्यांदा निसटला. मला हसू आलं, तिला आलं नाही.

"सरका," ती म्हणाली आणि स्वतः पाय लांब करून बसली. दुधी घेतला. एका हाताने मान, दुसऱ्याने तेल, छातीवरून खाली, पाठीवर गोल गोल. मग तांब्याने पाणी, आणि डोळ्यांत जाऊ नये म्हणून कपाळाशी तळहाताचा आडोसा. त्या दुधीच्या कपाळाशी! "झालं हं, झालं, झालं माझ्या सोन्याचं," ती पुटपुटत होती. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. साडीच्या फाडलेल्या दुपट्यात तिने तो गुंडाळला आणि छातीशी धरून तशीच बसून राहिली.

मला राहवलं नाही. इतके दिवस टाळलेलं विचारलं. "खिडकीशी तू हो का म्हणालीस?"

ती दुपट्याचं टोक आत खोचत होती. "मी तुमच्याकडे बघितलं," ती म्हणाली. "तुम्ही दुसरीकडेच बघत होतात. कोणीतरी हो म्हणायला हवं होतं ना."

मी तिच्या शेजारी भिंतीला पाठ टेकवून पुन्हा पाय लांब केले.

तिने दुपटं सोडलं, दुधी पुन्हा माझ्या तेलकट पायांवर ठेवला आणि माझा उजवा हात धरून त्याच्या मानेखाली नेला. "आता नीट धरा," ती म्हणाली. "तिथे मी नसणार आहे."